शेजारचा कुत्रा रोज आपल्याच अंगणात घाण करतो: हे थांबवायचं कसं?

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी दूर्वा खुडायला वाकले आणि हात तसाच मागे घेतला. वाफ्याच्या मधोमध ताजी घाण पडली होती. त्या दूर्वा मी जूनपासून राखल्या होत्या, गणपतीला घरचीच एकवीस दूर्वांची जुडी वाहायची म्हणून. त्या वर्षी दूर्वा बाजारातून आणल्या. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मंडपीला, बांधायच्या काकड्या वाचल्या, त्याही वेल मांडवावर चढला होता म्हणूनच.

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, जुन्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत. मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग), पुढे अंगण, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं आणि मधे कुठे चिऱ्यांचा गडगा, कुठे नुसती वई, म्हणजे कुंपण. कुत्रा प्रत्येक घरात आहे, आणि इथली जुनी रीत अशी की सकाळी दार उघडलं की कुत्रा मोकळा. तो कुठे जातो ते कोणी बघत नाही. तीन वर्षं मी हा त्रास सोसला, चुकीच्या माणसाशी भांडले, निरुपयोगी उपायांवर पैसे घालवले. आता गेले दोन पावसाळे अंगण स्वच्छ आहे. ज्यांच्या घरी रोज सकाळी हेच चाललंय, त्यांना माझ्यासारखी तीन वर्षं लागू नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घाण कोणाची, ते ओळखा

माझी पहिली चूक इथेच झाली. वरच्या घरचा कुत्रा मोठा, रात्रभर भुंकणारा, म्हणून मी धरून चालले की तोच असणार. गडग्यावरून चार शब्द बोलले, तेही चढ्या आवाजात. त्या दिवाळीला त्यांच्याकडून पोहे खायला बोलावणं आलं नाही. नंतर कळलं की त्यांचा कुत्रा सकाळी आठपर्यंत साखळीलाच असतो. मी जाऊन माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने घेतली, पण मधले सहा महिने जड गेले.

तेव्हा आधी घाण नीट बघा. कुत्रा उघड्यावर करतो आणि झाकत नाही. मागच्या पायांनी दोन-चार वेळा माती उडवतो खरा, पण ती घाणीवर पडत नाही, बाजूला जाते. मांजर भुसभुशीत माती उकरून करते आणि वर माती ओढते. गडग्यावर किंवा कौलांवर एकाच ठिकाणी बियांनी भरलेली घाण दिसली तर तो कांडेचोर, म्हणजे उदमांजर. फळं खाऊन ते बिया तशाच टाकतं. कुळागराच्या कडेला राहणाऱ्यांनी हे विसरू नये. त्यासाठी शेजाऱ्याला बोल लावून काय उपयोग!

कुत्राच आहे हे ठरलं की कोणाचा ते शोधा. संध्याकाळी वाफ्याची माती हाताने सारखी केली आणि वईतल्या फटीजवळ पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर टाकला. सकाळी त्यावर पावलं उमटलेली होती, आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही. वाट कळली. दुसऱ्या दिवशी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून व्हिडिओ चालू ठेवला. सहा वाजून दहा मिनिटांनी डाव्या बाजूच्या घरचा टायगर आला, दूर्वांचा वास घेत दोनदा गोल फिरला आणि बसला. चार दिवस वहीत वेळ लिहून ठेवली. सहा दहा, सहा पाच, सहा पंधरा, सहा दहा.

या वेळेवरच पुढचं सगळं उभं आहे.

तो तिथेच का येतो

कुत्र्याला जिथे आधीचा वास लागतो तिथे तो पुन्हा करतो. वरवर साफ केलेली जागा आपल्या नाकाला स्वच्छ वाटते, त्याच्या नाकाला वाटत नाही. दुसरं कारण माती. पिल्लू असताना ज्या मातीवर, गवतावर किंवा वाळूवर सवय लागली, तसलीच जागा तो आयुष्यभर शोधतो. फोडून, खत घालून मऊ केलेला वाफा म्हणजे त्याच्या मनासारखी जागा. तिसरं कारण पोट. खाल्ल्यावर थोड्याच वेळात आतडं हलतं आणि रात्रभर बांधलेला कुत्रा सकाळी सुटताच पहिली सोयीची जागा गाठतो.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. जुलैमध्ये सखल अंगणांत पाणी साचतं आणि भिजायला बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. आमचा अबोलीचा वाफा उंच, निचरा चांगला, वर आंब्याचं छत्र. शेजाऱ्यांच्या अंगणात घोटाभर पाणी असेल तर टायगर दुसरीकडे कुठे जाणार? पावसाळ्यात त्रास अचानक वाढतो तो यामुळेच. तो हट्टी झालेला नसतो.

चौथं कारण कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी रोज पहाटे उठून, कोणी बघायच्या आत, सगळं उचलत होते. घाण बघून आमच्या घरातल्यांना त्रास नको म्हणून. त्यामुळे शेजारच्या वहिनींना ती तीन वर्षांत एकदाही दिसली नव्हती. मनात मी त्यांना शंभर वेळा सुनावलं होतं, प्रत्यक्ष एक शब्द बोलले नव्हते.

शेजाऱ्याशी बोलताना

त्या दिवशी मी घाण उचलली नाही. त्यावर एक नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल) पालथं घातलं आणि वहिनींची सकाळची कामं आटपायची वाट बघितली. नऊच्या सुमाराला वईकडे जाऊन हाक मारली.

"वहिनी, एक दाखवायचं होतं. पाच मिनिटं येता?"

त्या पदराला हात पुसत आल्या. मी सोडण उचललं. त्या क्षणभर गप्प राहिल्या.

"हे आमच्या टायगरचं?"

"सहा दहाला आला होता. काल पण आला होता. बघा." मी मोबाईल पुढे केला.

"अगो, मला वाटायचं तो मागे कुळागरात जातो!" त्यांचा चेहरा उतरला. "आणि तू दूर्वा इथल्याच काढतेस ना गणपतीला? आधी का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोलताना काय उपयोगी पडलं ते सांगते. घरातले पुरुष गडग्यापाशी येऊन उभे राहिले की प्रश्न कुत्र्याचा राहत नाही, हद्दीचा होतो. आमच्याकडे कितीतरी घरं मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहिलेल्यांची आहेत, जागा नेमकी कुठे संपते यावरून पिढ्यांचे वाद आहेत. कुत्र्याच्या घाणीवरून सुरू झालेलं बोलणं मामलेदाराच्या कचेरीपर्यंत गेलेलं मी पाहिलं आहे. म्हणून ज्या माणसाच्या हातून कुत्रा सुटतो, त्याच माणसाशी, एकट्याने आणि दिवसाउजेडी बोला. रागाच्या भरात, घाण पायाखाली आल्याच्या क्षणी जाऊ नका. आणि ती घाण फावड्यावर घेऊन त्यांच्या दारात टाकायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. त्यानंतर कोणी ऐकून घेत नाही.

"तुमच्या कुत्र्याला आवरा" या वाक्याने काहीच होत नाही, कारण समोरच्याने नेमकं काय करायचं ते त्यात नाही. मी असं मागितलं: सकाळी सोडण्याआधी दहा मिनिटं त्याला दोरी लावून तुमच्याच माडाखाली न्या, तिथे करेपर्यंत थांबा, मग मोकळा सोडा. वहिनींनी विचारलं, "तिथे तो करील?" मी आमच्या वाफ्यातली थोडी माती, त्याच्या वासासकट, खोऱ्याने उचलून त्यांच्या माडाखाली टाकली आणि वर वाळू पसरली. पहिले तीन दिवस टायगर दोरी ओढत आमच्याकडेच बघत राहिला. चौथ्या दिवशी त्याने माडाखाली केलं. वहिनींनी लगेच त्याला बिस्किटाचा तुकडा दिला. लगेच द्यायचा, घरात जाऊन नंतर दिला तर कुत्र्याला तो कशाबद्दल मिळाला ते कळत नाही. पंधरा दिवसांत सवय लागली. मधे दोनदा चुकला, दोन्ही वेळा वहिनींचा मुलगा स्वतः येऊन उचलून गेला.

सगळे शेजारी वहिनींसारखे नसतात, हे मला ठाऊक आहे. "कुत्रा आहे, करणारच" असं म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दोनच गोष्टी मागा: कुत्रा सोडायची ठरलेली वेळ आणि घाण झाल्यास त्यांनी उचलणं. दुसरी गोष्ट नाकारणारा माणूससुद्धा पहिली बहुतेक वेळा मान्य करतो.

उचलणं आणि धुणं

घाण त्याच दिवशी उचलायलाच हवी. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी ताज्या घाणीत असतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात, आणि मग वर्षानुवर्षं त्याच मातीत जिवंत राहू शकतात. आपली नातवंडं मातीत खेळून तोच हात तोंडात घालतात, म्हणून रोजच्या उचलण्याला मोल आहे. अंकुशकृमी या दुसऱ्या जंतांचं काम याहून लवकर होतं. दमट, उबदार मातीत आठवडाभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उठली तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा. पावसात वाफ्यात काम करताना पायात गमबूट घालाच. कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसही पसरतो, आणि साचलेल्या पाण्यात पायाला जखम असेल तर तो धोका खरा आहे.

उचलायला मी पोफळीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद आवरणाचे, तुकडे कापून ठेवते. खाली सरकवायचं, उचलायचं, विरीसकट पुरायचं. खड्डा फूटभर खोल, भाजीच्या वाफ्यांपासून आणि विहिरीपासून लांब. आपला जांभा दगड सच्छिद्र, पाणी त्यातून सहज झिरपतं, म्हणून विहिरीजवळ नकोच. काही जण ही घाण शेणासारखी खतात टाकतात. तसं करू नका. गाय गवत खाते, कुत्र्याच्या पोटातले जंत आणि जंतू वेगळे, आणि घरच्या खताच्या खड्ड्यात ते मरण्याइतकी उष्णता बहुधा होत नाही. तांबडी भाजी ज्या वाफ्यात लावता तिथे तर असलं खत नकोच.

लघवीने दूर्वा जळतात त्या नायट्रोजनमुळे. मधे पिवळा ठिपका आणि भोवती गर्द हिरवं कडं दिसलं की समजा. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर बरंचसं वाचतं, दुसऱ्या दिवशी ओतून फायदा नाही.

तुळशीवृंदावनाचा त्रास वेगळा. नर कुत्रा उभ्या वस्तूवर पाय वर करून खूण करतो आणि अंगणात सगळ्यात ठळक उभी वस्तू आपलं वृंदावन. सकाळी पाणी घालायला गेल्यावर तिथला वास आला की जीव तळमळतो, तो मला माहीत आहे. आधी भरपूर पाण्याने धुवा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या. तो वास झाकत नाही, वास देणारे घटकच मोडतो. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, कारण लघवीतही अमोनियाचा वास असतो आणि कुत्रा पुन्हा त्याच जागी खूण करतो. व्हिनेगरही चुन्याच्या वृंदावनावर नको, आम्ल चुना खातं. आम्ही वृंदावनाभोवती कुंड्या अशा मांडल्या की कुत्र्याला भिंतीला लागून उभं राहायला जागाच उरली नाही. प्रदक्षिणेची वाट कुंड्यांच्या बाहेरून ठेवली. या एका बदलाने तिथलं थांबलं.

वाट आणि मऊ माती बंद करा

रांगोळीवरच्या पावलांनी वाट दाखवली होतीच. वईतली फट बांबूच्या कामट्यांनी बांधून काढली. फाटकाखाली वीतभर जागा होती, तिथे चिरे बसवले. नवीन कंपाऊंड भिंत घालायची असेल तर पंचायतीचा परवाना घ्यावा लागतो आणि हद्दीवरून वाद असेल तर काम अडतं, म्हणून आधी वईच दुरुस्त करा. कडेने अननसाची रोपं लावा. त्यांच्या पानांचे काटे कुत्र्याला नकोसे होतात, त्याला इजा होत नाही आणि दीड-दोन वर्षांनी फळंही मिळतात.

वाफ्यात रोपांच्या मधे मोकळी मऊ माती दिसू द्यायची नाही. मी नारळाची सोडणं एकमेकांना चिकटवून, गोल बाजू वर करून मांडते. कुत्र्याला पाय टेकायला सपाट जागा मिळत नाही, ओल टिकते, तण कमी येतं. अबोलीला तर हे फार मानवलं, यंदा रोज एक फाती (गजरा) निघतेय. नुकतं बी पेरलेल्या वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरा, कोंब त्यातून वर येतात.

हे उपाय करू नका

नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या अर्ध्या गोव्याच्या फाटकांवर टांगलेल्या दिसतात. मीही सहा टांगल्या होत्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, पण त्याने निळ्याला घाबरावं असं काहीच कारण नाही. टायगर दोन बाटल्यांच्या मधून आत यायचा.

डांबरगोळ्या वाफ्यात टाकू नका. त्यातलं नॅप्थलीन कुत्र्यामांजरांना आणि लहान मुलांनाही विषारी आहे, आणि पांढरी गोळी मूल तोंडात घालतं. तिखटाची पूड त्याच्या नाकाडोळ्यांची आग करते, पहिल्या सरीत वाहून जाते आणि त्रास जनावराला होतो, ज्याचा काही दोष नाही.

आणि कितीही संताप आला तरी विष नको. कोणी मजेत "एकदा गोळी घाल" असं सुचवलं तर त्याला थांबवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे तो वेगळाच. पण कायद्याचं सोडा. विष खाल्लेला कुत्रा मी लहानपणी पाहिला आहे, आणि तो तडफडाट अजून विसरले नाही.

बोलून भागलं नाही तर

वॉर्डच्या पंचाला मधे घ्या. तो दोन्ही घरांना ओळखतो आणि पुष्कळ वेळा त्याच्या एका फेरीत काम होतं. नाही झालं तर पंचायतीला लेखी तक्रार द्या. तारखा, वेळा, फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार कोणाच्या लक्षात राहत नाही. ग्रामसभेत विषय मांडताना एका घराचं नाव घेऊ नका, "सकाळी मोकळे सोडलेले कुत्रे" असाच मांडा. आमच्याकडे तसं केल्यावर आणखी चार घरांनी हात वर केले.

पोलिसांचा मार्ग या कामात तोकडा पडतो, हे आधीच समजून घ्या. न्याय संहितेचं कलम २९१ हे प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेल आणि मालक काळजी घेत नसेल तेव्हाचं आहे. कुत्रा अंगावर येत असेल तर ते लागू पडेल. कलम २९२ सार्वजनिक उपद्रवाचं, दंड १००० रुपयांपर्यंत. तुमच्या खासगी वाफ्यातली घाण बहुतेक दिवाणी वादात मोडते, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी असं मला तरी वाटत नाही.

पर्वरी, मडगावसारख्या ठिकाणी सोसायटीत राहणाऱ्यांनी थेट कमिटीला लिहावं. बागेच्या एका कोपऱ्यात वाळूची जागा ठरवून दिली की भांडणं कमी होतात.

मालक नसलेल्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्यांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागीच सोडायचं असतं, उचलून दुसऱ्या गावात नेऊन टाकता येत नाही. खाऊ घालण्याची जागाही मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब ठरवायची, असं त्यात आहे. आमच्या वाड्यावर एक आजी फाटकापाशी उरलेला भात टाकत. त्यांना तो भात शंभर पावलं पुढे, पडीक जागेच्या कडेला टाकायला सांगितलं. कुत्रे खाऊन तिथेच बाजूला बसायला लागले.

वहिनींना मी टायगरला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचंही सुचवलं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्या वजनाप्रमाणे देतात. गेल्या चवथीला दूर्वा घरच्या होत्या, एक जुडी वहिनींच्याही गणपतीला गेली. वईच्या कामट्यांना आता वाळवी लागली आहे, त्या मे महिन्यात बदलायच्या आहेत. पहिला पाऊस पडायच्या आत फट बुजली पाहिजे.